कोरियन भाषेचा क्लास: घरात तीन वयांचे तीन विद्यार्थी, आणि मराठी कुठेच नाही

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही तळेगाव दाभाड्याला राहतो. इथला मोटारींचा जुना कारखाना २०२४ च्या जानेवारीत ह्युंदाईने घेतला. आमचे हे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत, महिन्यातून दोन-तीनदा त्यांना कोरियन साहेबांसमोर बसावं लागतं. लेक आठवीत आहे, तिला दोन वर्षांपासून कोरियन गाण्यांचं वेड. धाकटा सात वर्षांचा, ताई जे करेल ते त्याला करायचंच असतं. म्हणून जूनमध्ये तिघांनाही एका ऑनलाइन क्लासला घातलं. क्लासचं नाव लिहीत नाही, तो मुद्दाही नाही.

चाळीस जणांची एकच बॅच. सात वर्षांचं पोर आणि बेचाळीस वर्षांचा माणूस, दोघेही 'बिगिनर', म्हणून एकत्र. सगळं इंग्रजीतून. तिसऱ्या आठवड्यात धाकटा उठून गेला तो परत बसला नाही. लेकीची वही रोमन अक्षरांनी भरली आहे, चाळीस गाणी पाठ आहेत, पण कोरियन पाटी दाखवली तर एक शब्द वाचता येत नाही. ह्यांच्या वहीत 'सब्जेक्ट पार्टिकल' या शब्दाभोवती तीन वेळा गोल काढलाय आणि पुढे काही नाही.

आता मला जे सांगायचंय ते. एका संध्याकाळी मी शेजारी मेथी निवडत बसले होते. बाई शिकवत होत्या, 'मॉगॉ बोसेयो'. मॉगॉ म्हणजे खाणे, बोदा म्हणजे पाहणे, आणि दोन्ही मिळून अर्थ 'ट्राय ईटिंग'. पाहण्याचा इथे काय संबंध, हे त्या दहा मिनिटं इंग्रजीतून समजावत होत्या. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अगं, खाऊन बघा!" ह्यांनी वहीतून मान वर केली. त्यापुढचं 'मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो'. बॉरिदा म्हणजे टाकून देणे. खाऊन टाकलं! 'जॉगॉ दुसेयो', दुदा म्हणजे ठेवणे. लिहून ठेवा! 'हे जुसेयो', जुदा म्हणजे देणे. करून द्या! एकेका शब्दाला आपल्याकडे तयार जोडीदार बसलाय, आणि आमच्या घरातली तीन मराठी माणसं तो इंग्रजीतून उलगडायला पैसे भरून बसली आहेत. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं.

तर विचारायचं आहे: मुलांसाठी, किशोरवयीनांसाठी आणि मोठ्यांसाठी क्लास निवडताना काय पाहावं? आणि मराठीतून कोरियन शिकवणारं किंवा तसं शिकलेलं इथे कुणी आहे का?

कोथरूडची_सई

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रकार, फक्त माझी मुलगी सहावीत आहे. 'खाऊन टाकलं' वाचून अंगावर काटा आला.

निळी_शाई

इंद्रायणीकाठताई, मी कोरियन शिकवते. माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात, मग दिल्लीत कोरियन. आठ वर्षं झाली शिकवायला लागून. तुम्ही मेथी निवडताना जे पकडलंत ते मला दुसऱ्या वर्षाला कळलं होतं, कारण माझ्या शिक्षकांनीही सगळं इंग्रजीतूनच सांगितलं.

आधी लिपी. रोमन वही आजच बाजूला ठेवायला सांगा. राजधानीचंच नाव बघा, एस-ई-ओ-यू-एल. आपण ते 'से-ऊल' असं फोडतो. खरी फोड आहे 'सॉ' आणि 'उल'. त्यातला ई-ओ मिळून एकच स्वर आहे, आपल्या 'ऑ'च्या जवळचा. रोमनमधून शिकलेल्या मुलांच्या जिभेवर ही चूक वर्षानुवर्षं बसते.

हंगुल लिपी राजा सेजोंगने १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली. आजची मूळ अक्षरं चोवीस: चौदा व्यंजनं, दहा स्वर. पाच मूळ व्यंजनं उच्चारस्थानांवरून काढली आहेत. 'ग'चं अक्षर म्हणजे घशाकडे मागे उचललेल्या जिभेची बाजूने दिसणारी आकृती. 'न' म्हणजे टोक वर टेकवलेली जीभ. 'म' म्हणजे तोंडाचा चौकोन, 'स' म्हणजे दात, आणि गोल म्हणजे घसा. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे आपल्या मुलांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यांना आरसा देऊन 'ग' आणि 'न' म्हणायला लावलं की अक्षर पाठ करावं लागत नाही. त्या काळच्या ग्रंथातच म्हटलंय की हुशार माणूस ही लिपी सकाळ संपायच्या आत शिकेल आणि मंदबुद्धीचाही दहा दिवसांत. मी दहा दिवस धरते, सगळ्यांना पुरतात.

शिवाय अक्षरं एकापुढे एक लिहीत नाहीत. व्यंजन, स्वर आणि खाली शेवटचं व्यंजन असा एका उच्चाराचा (सिलॅबलचा) एक चौकोन होतो. बाराखडी गिरवलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मात्र अक्षरं सुटी दिसत राहतात.

आता वयाचं.

दहा वर्षांखालच्या मुलांना व्याकरण शिकवूच नये. त्यांना आवाज द्यावेत. कोरियनमध्ये आपल्यासारखेच जोडशब्द भरपूर आहेत: लुकलुकणं म्हणजे बान्चाक-बान्चाक, छातीत धडधडणं म्हणजे दुगुन-दुगुन, कुत्रा भुंकतो मॉङ-मॉङ, कोंबडा आरवतो क्कोक्कियो. धाकट्याला अर्ध्या तासाच्या वर बसवू नका, आणि बॅचमध्ये सहा-आठच्या वर मुलं असतील तर घालू नका.

किशोरवयीन मुलांचं अडतं ते आदरार्थी बोलण्यात. गाणी आणि मालिका यांतून त्यांना येते ती सलगीची भाषा, तिला 'पान्माल' म्हणतात. तीच ती शिक्षकांशी बोलतात. त्यांच्या बॅचमध्ये आठवड्यातून एकदा तरी 'आता हेच आजींना सांग, आता हेच धाकट्या भावाला सांग' असा सराव हवा.

मोठ्यांना भीती असते उच्चारांची आणि वेळेची. त्यांना मी पहिल्या दिवशी कागदाची पट्टी आणायला सांगते. ओठांसमोर धरायची आणि तीन शब्द म्हणायचे: चंद्र, मुखवटा आणि मुलगी. कोरियनमध्ये तिन्ही 'ताल'सारखेच ऐकू येतात. मुखवट्याचा 'थ' म्हटला की पट्टी उडते. मुलीचा 'त' घट्ट असतो, पट्टी हलत नाही. चंद्राचा मधला, पट्टी जराशी हलते आणि आवाज थोडा खाली उतरतो. त-थ वेगळे ऐकणारा आपला कान इथे अर्धं काम करून देतो. तिसरा मधला आवाज तेवढा कष्टाने बसवावा लागतो.

स्पष्ट_बोलतो

ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. चांगली पुस्तकं इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, व्हिडिओ इंग्रजीत. पुढे परीक्षा द्यायची, शिष्यवृत्ती घ्यायची, तर इंग्रजी लागणारच. मग मराठीतून शिकून मुलांना वेगळं का पाडायचं? आणि मराठीशी तुलना करत बसलो तर चुकीच्या सवयी लागतील. कोरियनमध्ये लिंग नाही. 'आला-आली-आलं' सगळ्याला एकच रूप. अनेकवचनही लावलंच पाहिजे असं नाही.

निळी_शाई

राग कसला, प्रश्न बरोबर आहे. पण टोपिक, म्हणजे कोरियन भाषेची अधिकृत परीक्षा, तिची प्रश्नपत्रिका कोरियनमध्येच असते. पहिल्या टप्प्यात ऐकणं आणि वाचणं, मिळून २०० गुण. ८० ला पहिली पातळी, १४० ला दुसरी. दुसऱ्या टप्प्यात लेखनही येतं, एकूण ३०० गुण, पातळ्या तीन ते सहा. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. म्हणून आठवीतल्या मुलीला उगाच आज परीक्षेला बसवू नका, कॉलेजला अर्ज करेपर्यंत तो निकाल संपलेला असेल. कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर पदवीला जाणाऱ्यांना तिथे आधी एक वर्ष भाषा शिकवतात, आणि पुढे जायला तिसरी पातळी गाठावी लागते.

मराठी कुठे फसवते, हे तुम्ही म्हणालात ते खरं आहे आणि मी ते सांगतेच. सगळ्यात जास्त फसवतो तो 'उन/नुन' हा प्रत्यय. त्याला आपल्याकडे नेमका जोड नाही. जवळचं सांगायचं तर 'कॉफी मात्र मी पीत नाही' यातला 'मात्र', किंवा कधी 'तर'. पण इंग्रजीत तर तेवढंही जवळचं काही नाही. बाकी 'ला', 'त', 'हून', 'चा' नावाला चिकटवायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. 'चॉनुन हाक्क्योए गायो' म्हणजे मी, शाळेला, जाते. क्रम तोच, क्रियापद शेवटी. हेच इंग्रजीतून शिकवलं की विद्यार्थी आधी 'आय गो टू स्कूल' मनात उलटं करतो आणि मग बोलतो. दोनदा ओझं कशाला?

आजीची_पाटी

मी निवृत्त शिक्षिका. तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. कोरियनचा एक शब्द येत नाही, नातीमुळे धागा उघडला. निळी शाई, तुम्ही लिहिलंत की चौकोनात खाली शेवटचं व्यंजन येतं. नात म्हणते की लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. 'हाप्-नि-दा' लिहायचं आणि 'हाम्निदा' म्हणायचं. ती फार चिडते. याला काही नियम आहे का?

निळी_शाई

आजी, आहे. शेवटी क्, त्, प् असेल आणि पुढे न किंवा म आला, तर त्यांचे अनुक्रमे ङ्, न्, म् होतात. संग्रहालयाला 'पाक्-मुल्-ग्वान' लिहितात, म्हणतात 'पाङ्मुल्ग्वान'. आणि पुढे स्वर आला तर क् चा ग् ऐकू येतो. 'कोरियन भाषा' लिहिताना हान्-गुक्-ऑ, म्हणताना हान्गुगॉ.

आजीची_पाटी

अहो, मग हे तर वाङ्मय आहे!

वाक् + मय = वाङ्मय. जगत् + नाथ = जगन्नाथ. ही अनुनासिक संधी. आणि वाक् + ईश = वागीश, जगत् + ईश = जगदीश. ही तृतीय व्यंजन संधी. ज्या वर्गात मुलं 'हे का शिकायचं?' म्हणून तोंड वाकडं करायची, त्याच वर्गातला धडा आहे हा. एवढी वर्षं मी तो फळ्यावर लिहिला. तोंडाला सोपं पडतं म्हणून हे बदल होतात, असं मी दरवर्षी सांगायचे. ते दुसऱ्या देशातल्या माणसांच्या तोंडातही तसंच होत असेल, हा विचार कधी मनात आला नाही. नातीला आत्ताच फोन करते.

निळी_शाई

आजी, मी आठ वर्षं हा नियम तक्ता देऊन पाठ करून घेतलाय. वाङ्मय हा शब्द मला शाळेपासून माहीत आहे आणि तरी मी तो कधी वर्गात आणला नाही. उद्याच्या बॅचला पहिली ओळ हीच लिहिणार. शिन्-ला (कोरियातलं एक जुनं राज्य) लिहून 'शिल्ला' म्हणतात, तिथे 'तल्लीन' चालेल का?

आजीची_पाटी

तत् + लीन. तिथे त् चा ल् होतो, तुमच्याकडे न् चा. मुलांना तो फरक सांगून मग द्या. अर्धवट सांगू नका.

सुवॉनची_आई

आम्ही चार वर्षांपासून कोरियात सुवॉनला आहोत, नवरा इलेक्ट्रॉनिक्समध्ये. माझा मुलगा इथल्या सरकारी शाळेत पहिलीला गेला तेव्हा त्याला कोरियन जेमतेम येत होतं. इथे शाळा मार्चमध्ये सुरू होते. पहिल्या आठवड्यात यादी आली, त्यात 'क्काक्दुगी वही' लिहिलेली. क्काक्दुगी म्हणजे मुळ्याच्या चौकोनी फोडींची किमची. मी दुकानात जाऊन विचारलं तर बाईंनी चौकोनांची वही काढून दिली. प्रत्येक चौकोनात तुटक रेघांची फुली, म्हणजे व्यंजन कुठे, स्वर कुठे, खालचं कुठे, ते मापात बसतं. तुमच्या धाकट्यासाठी अशी वही घरी आखा. मोठ्या चौकटींची गणिताची वही घेऊन चार घरांचा एक चौकोन केला तरी काम होतं.

आणि इथे पहिलीतच श्रुतलेखन असतं, 'पादास्सुगी'. दहा वाक्यं आधी घरी देतात, मग वर्गात बाई वाचतात. आजी म्हणतात तो संधीचा गोंधळ तिथेच येतो, कारण ऐकू येतं एक आणि लिहायचं दुसरं. कोरियन मुलंही चुकतात. हे तुमच्या लेकीला जरूर सांगा.

मी स्वतः इथल्या न्याय मंत्रालयाच्या सामाजिक एकात्मता कार्यक्रमात शिकले. शून्य ते पाच पायऱ्या, पहिली ते चौथी प्रत्येकी शंभर तास. माझ्या वर्गात व्हिएतनामच्या, उझबेकिस्तानच्या, नेपाळच्या बायका होत्या. बाई फक्त कोरियनमधून शिकवत, इंग्रजी नाहीच. नात्यांचा धडा आला तेव्हा मी सगळ्यांत पुढे होते. मावशी 'इमो', आत्या 'कोमो', मामा 'वेसामछोन'. इंग्रजीत सगळ्या आंटी. आणि मोठ्या भावाला बहीण म्हणते 'ओप्पा', भाऊ म्हणतो 'ह्यॉङ'. एवढंच आपल्याकडे नाही.

एक सांगते. खाणावळीत वाढणाऱ्या बाईला इथे 'इमो' म्हणतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो तसंच. पहिल्या वर्षी मी घाबरून 'एक्स्क्यूज मी' म्हणायचे. ज्या दिवशी 'इमो, किम्छी जोम दॉ जुसेयो', म्हणजे मावशी, अजून थोडी किमची द्या, म्हणाले, त्या दिवशी त्या बाईंनी वाटी भरून आणली आणि विचारलं, 'पाम् मॉगॉस्सॉयो?' म्हणजे जेवलीस का? लिहितात 'पाप', म्हणजे भात. पुढे म आला की प् चा म्. मला तेव्हा नियम माहीत नव्हता, फक्त माझ्या आईचं 'जेवलीस का गं' ऐकू आलं.

आठवी_ते_बारावी

मी अकरावीत आहे, आईच्या आयडीवरून लिहितेय. पान्मालवाली चूक मी केलीय. ऑनलाइन क्लासच्या कोरियन मॅडमना 'कोमावॉ' म्हणाले, म्हणजे मैत्रिणीला म्हणतात तसं 'थँक्यू गं'. त्या रागावल्या नाहीत, 'काम्साहाम्निदा' म्हणायला लावलं. मला दोन दिवस लाज वाटत होती. नंतर कळलं की कोरियन मुलं आईशी सलगीनेच बोलतात, जसं आपण आईला 'अगं आई' म्हणतो. मग माझ्या डोक्यात ते नीट बसलं. मॅडमना 'अगं' म्हणायचं नाही, एवढंच.

इंद्रायणीकाठ काकू, तुमच्या मुलीला गाणी सोडायला सांगू नका प्लीज. तिला एकच गाणं हंगुलमध्ये हाताने लिहायला सांगा. मी तसंच वाचायला शिकले.

कृष्णाकाठचा_मामा

थोडं वेगळं विचारतो. भाचा आयटीआय झालाय. एका एजंटने सांगितलंय की कोरियन शिकून 'ईपीएस टोपिक' पास झालास की कोरियात कारखान्यात नोकरी पक्की. क्लासचे आणि 'फाईल'चे मिळून बरेच पैसे मागतोय. हे खरं आहे का?

सुवॉनची_आई

दादा, पैसे देऊ नका. ईपीएस ही कोरियन सरकारची कामगार योजना आहे, पण ती ठरावीक देशांशी झालेल्या करारावर चालते. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश त्यात आहेत. भारत त्या यादीत नाही. नेपाळी भाऊ-बहिणींचे व्हिडिओ बघून आपल्याकडे गैरसमज होतो आणि एजंट त्याचाच फायदा घेतात. भाच्याला भाषा शिकायची असेल तर जरूर शिकू द्या. साधी टोपिक वेगळी, ती कुणीही देऊ शकतं.

कृष्णाकाठचा_मामा

फार उपकार झाले ताई. उद्या दुपारी पहिला हप्ता द्यायचा होता.

रांजणगाव_शिफ्ट

मोठ्यांच्या बाजूने माझा अनुभव. वय ३८, रांजणगावला एका कोरियन कंपनीत लाइनवर सुपरवायझर. मला टोपिक नको होती, मला मीटिंगमध्ये वेळ आणि आकडे कळायला हवे होते. आणि कोरियनमध्ये आकडे दोन प्रकारचे. तास सांगायला एक, मिनिटं सांगायला दुसरे. तीन वाजून वीस मिनिटं म्हणजे 'से शी इशिप पुन'. तीन त्यांचा स्वतःचा, वीस मूळ चिनी. एकदा शिफ्टचा निरोप चुकीचा ऐकून पोरांना तासभर लवकर बोलावलं. पोरं गेटवर थंडीत उभी राहिली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मग मी रोज बसमधून येताना समोर दिसेल त्या गाडीचा नंबर चिनी आकड्यांत मोठ्याने म्हणायला लागलो. ते आकडे सोपे आहेत. एकोणसाठ म्हणजे 'ओ-शिप-गु', पाच-दहा-नऊ. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'पन्नास नऊ' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आता धाकट्याला गणित शिकवताना तीच पद्धत वापरतो. तुमच्या यजमानांना सांगा, व्याकरणाची वही मिटा आणि तीन महिने फक्त कामातली वाक्यं पाठ करा. एक वाक्य, एक शिफ्ट.

स्पष्ट_बोलतो

वाङ्मयचं उदाहरण आणि सुवॉनच्या ताईंचा अनुभव वाचून माझं मत बदललं हे सांगायला आलो. पुस्तकं इंग्रजीतच राहतील, पण समजावणारं माणूस मराठी असलं तर मुलाला ते पुस्तक लवकर उघडता येईल, एवढं मान्य. मुलासाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वाचत होतो, माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांच्या यादीत कोरियन पहिलीच आहे. ती शाळांत आली तर मराठी शाळांत ती कशातून शिकवणार, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

तो क्लास सोडला. निळी शाईंनी लेकीला त्यांच्या किशोरवयीन मुलांच्या बॅचमध्ये घेतलं, सात मुली आणि दोन मुलगे, बोलणं मराठी-कोरियन. रोमन वही तिने स्वतः रद्दीत टाकली. ह्यांनी क्लास घेतलाच नाही, गाडीत गाड्यांचे नंबर म्हणतात आणि फॅक्टरीतली एकवीस वाक्यं डायरीत आहेत. परवा कोरियन साहेबांना चहा देताना 'मॉगॉ बोसेयो' म्हणाले. साहेबांनी दुरुस्त केलं: चहाला 'मॉगॉ' नाही म्हणायचं, आणि मोठ्या माणसाला तर 'तुसेयो' म्हणायचं. म्हणजे आपलं 'घ्या'! निळी शाई, हे बरोबर आहे ना?

धाकट्याच्या गणिताच्या वहीत मी तुटक रेघा मारून दिल्या. त्याने काल पहिल्या पानावर चौकोनात स्वतःचं नाव लिहिलं. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर आजीने विचारलं, "यात काना कुठाय रे?" तो म्हणाला, "आजी, हा बघ ना, उभा. आणि त्याला छोटी काठीपण आहे." मग त्याने तिला वही उलटसुलट करून सगळे स्वर दाखवले. सासूबाईंनी पाटी मागवली आहे.